पंचावन्न किलोंच्या गावात

"देऊ नका! ओ पाव्हणे, देऊ नका त्याले! सोड बे तो गूळ! सोड म्हन्तो ना!"

बुलढाण्याकडच्या धाड गावचा आठवडी बाजार भर दुपारी थबकला. मिरचीच्या ढिगाआड एक बाई शिंकता शिंकता अर्ध्यात थांबली. लसणाच्या पाटीवर घासाघीस करणारे दोन म्हातारे गप्प झाले. आभाळात एक घार होती, तीसुद्धा जागच्या जागी लटकली, असं मला तरी दिसलं. मी नुकताच एसटीतून उतरलो होतो. माझा हात पुढं केलेला, हातात कोल्हापुरी गुळाचा खडा. समोर एक उंच, काटकुळा पोरगा. माझी लोखंडी पेटी त्यानंच खाली उतरवून घेतली होती, आणि ती पेटी उतरवायला कोल्हापूरच्या स्टँडवर दोन हमाल लागतात. म्हणून मी कौतुकानं गूळ दिला, तर हा गोंधळ.

ओरडणारा माणूस गर्दी फाडत आला. त्यानं माझ्या हातातला खडा काढून घेतला, इकडंतिकडं पाहिलं आणि शेजारच्या बैलाच्या तोंडात घातला. बैलानं डोळे मिटले. मग माणूस माझ्याकडं वळला, हात जोडले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "नमस्कार डॉक्टरसाहेब. प्रवासात तकलीफ तं नाही ना झाली?"

हा सुपडाभाऊ. मला याच माणसानं बोलावलं होतं.

मी डॉक्टर नाही, हे सांगून टाकतो. कोल्हापुरात मी पैलवानांचे खांदे, गुडघे, घोटे बघतो. फिजिओथेरपिस्ट. इतकी वर्षं इतके गुडघे बघितले की माणसाचा चेहरा मी विसरतो, गुडघा विसरत नाही. सुपडाभाऊ मागं कधीतरी कबड्डीचा संघ घेऊन आमच्याकडं आला होता. त्याचा घोटा मुरगळला, मी तो बसवून दिला. तेव्हापासून तो वऱ्हाडभर सांगत फिरतो की माझा पाय उलटा झाला होता, बोटं मागं अन् टाच पुढं, आणि या माणसानं तो एका झटक्यात सुलटा केला. मी हे कधी खोडून काढलं नाही. माणसाच्या श्रद्धेवर पाय देऊ नये, विशेषतः तो पाय आपणच बसवलेला असेल तर.

"दुसरबीडले टूर्नामेंट हाये," तो फोनवर म्हणाला होता. "आठ दिवस या. पोट्ट्यांचे गुडघे पाहून द्या."

धाडहून त्याच्या गावाला जीपनं निघालो. जीपमध्ये किती माणसं होती ते जीपवाल्यालाही ठाऊक नसावं. माझ्या मांडीवर एक मास्तर होते आणि मास्तरांच्या मांडीवर कोंबडीचं खुराडं. गावाचं नाव सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात गावाची थोडी शोभा झाली, आणि मी त्यांचं मीठ पोटभर खाल्लंय. काळी जमीन, पिवळीधमक तूर, वेचून झालेली कपाशी आणि लांबवर अजिंठ्याच्या डोंगराची शेपटी. एवढं ओळखीला पुरे.

गुळाचा खडा ज्याच्या तोंडापर्यंत पोचला नाही तो पोरगा जीपच्या टपावर माझी पेटी धरून बसला होता. त्याचं नाव प्रज्वल.

सुपडाभाऊच्या घरी

सुपडाभाऊचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार आणायची, आतली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की तो कबड्डीचा कोच होतो.

वहिनींनी वाढलं. ज्वारीची भाकर, पातोडीचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा. तांबड्या रश्श्यात पोहायला शिकलेला माणूस मी, मला कशाची भीती? पहिला घास गिळला आणि माझी टोपी एक बोट वर उचलली गेली. बेसनाच्या त्या वड्या दिसायला गरीब, पण त्या रश्श्यातून मला पुढच्या तीन जन्मांचं दिसलं. चौथी भाकर मागताना लक्षात आलं की सुपडाभाऊचं ताट रिकामं आहे.

"तुम्ही?"

"मी रातचं सोडलं."

"सोडलं म्हणे!" वहिनी चुलीपासून ओरडल्या. "त्या प्रज्वलले जेवू देत नाहीत, म्हणून स्वतःबी जेवत नाहीत. अन् मी भाकरी थापून राह्यली. कोनासाठी? कुत्र्यासाठी?"

"तू चूप बस वं."

"काऊन चूप बसू? लेकराची हाडं दिसून राह्यली."

मग सगळं बाहेर आलं. इकडच्या गावोगावच्या कबड्डी स्पर्धा वजनावर चालतात. पंचावन्न किलोंचा गट म्हणजे खेळणारा प्रत्येक जण पंचावन्नच्या आत. थोराड गड्यांनी बारक्या पोरांना चिरडू नये म्हणून कुणीतरी शहाण्यानं केलेला नियम. गेल्या वर्षी प्रज्वल या गटात नेमका बसत होता. त्याच्या जोरावर गाव अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि एका गुणानं हरलं. यंदा पहिल्या नंबरची ढाल आणायचीच. आणि नेमका यंदाच पोरगा वाढायला लागला. सोळावं लागलं आणि उसासारखा सुटला.

तेव्हा पारावर बैठक बसली आणि गावानं ठरवलं की ढाल येईपर्यंत प्रज्वलनं वाढायचं नाही.

सकाळी अर्धी भाकर, दुपारी अर्धी, रात्री काही नाही. कुणीही त्याच्या हातावर काहीही ठेवायचं नाही. ऐकायला सोपं आहे, पण हे गाव असं की घोटभर पाणी मागितलं तर आधी भाकर येते, मग कांदा येतो, मग बसायला घोंगडी येते आणि पाणी आठवण केल्यावर येतं. अशा गावात एका पोराला उपाशी ठेवायचं म्हणजे काय जुलूम! दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. प्रज्वल गल्लीतून निघाला की बाया आत जाऊन दार लावून घेत. राग नव्हता हो त्यात. त्यांना स्वतःचा भरवसा नव्हता. एका आजीला मी विचारलं, तुम्ही त्याला काही देता का? "मी कायले देऊ? खिडकीत लाडू ठेवला का मांजर नेते," आजी म्हणाली. त्या गावात मला शेळ्या दिसल्या, डुकरं दिसली, एक उंटसुद्धा जाताना दिसला. मांजर दिसलं नाही.

आमच्याकडं नेमकं उलटं. तालमीतल्या पोराच्या मागं अख्खी पेठ दुधाचे तांबे घेऊन पळते. पोरगं नको नको म्हणतं आणि आळीतले आजोबा त्याचं नाक दाबून बदाम भरवतात. मी एका पैलवानाला म्हशीखालीच झोपलेला पाहिलाय, मधे भांड्याची भानगडच नको म्हणून. जीव लावायच्या या दोन्ही तऱ्हा, आणि दोन्हींत पोराला कोणी विचारत नाही.

मैदानावर

शाळेमागच्या मैदानावर पोरांनी चुन्यानं आखणी केली होती. प्रज्वल चढाईला गेला आणि मी हातातला चहा विसरलो. त्याला धरायला झेपावलेल्या पोरांच्या हाती त्याची सावली यायची आणि तो मध्यरेषेपलीकडं उभा राहून नाक पुसत असायचा. दुसरी चढाईही तशीच. तिसऱ्या चढाईला मात्र कुणीतरी आतला दिवा मालवल्यासारखा तो मंदावला. पाय उचलेना. एका गुबगुबीत पोरानं त्याला सहज कवेत घेतलं.

"पाह्यलं? तिसऱ्या वक्ताले ढिला पडते," सुपडाभाऊ चिडून म्हणाला. "आळशी झाला बे तू!"

मी पोरांचे गुडघे बघायला बसलो. प्रज्वलच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर टेंगूळ होतं. बोट लावलं तर त्यानं श्वास ओढला. वाढीच्या वयात हे मी खूप बघतो. हाड पुढं पळतं, स्नायू मागं राहतो आणि ओढाताण नेमकी त्या जागेवर येते. थोडे दिवस उड्या कमी, झोप भरपूर, जेवण पोटभर, की बहुतेक पोरांचं आपसूक निवळतं. पण बाकीच्या खुणा मला आवडल्या नाहीत. कोपरावर एक खरचटलेलं होतं, अजून ओलं.

"हे कधीचं?"

"दिवाळीचं."

दिवाळी होऊन महिना उलटला होता. आणि उठून उभा राहताना त्यानं माझा खांदा घट्ट धरला. डोळ्यांपुढचा अंधार जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मग हसला. "कधी कधी होते असं, सर. कोचले सांगू नका."

मी अर्थातच सांगितलं. दुकानात सुपडाभाऊ एका जळक्या मोटारीच्या पोटात हात घालून बसला होता.

"सुपडाभाऊ, ही कशानं जळली?"

"व्होल्टेज कमी होतं. तशीच चालवली त्यायनं रातभर."

"मग हा पोरगा तुम्ही कशावर चालवताय?"

त्याचा हात थांबला. मला वाटलं, लागलं. मी पुढं झालो. वाढत्या अंगाचं वजन कमी करायचं नसतं, हाडं ठिसूळ राहतात, उंची अडते, जखम भरत नाही, तिसऱ्या चढाईला आळस येत नाही, पोट रिकामं असतं. त्याला वरच्या गटात खेळवा, या वर्षी बाहेर बसला तरी चालेल. असं बरंच बोललो. मी बोलायला लागलो की आमच्या घरातलं घड्याळ मागं पडतं.

"मानूस थोडीच मोटार हाये, साहेब," तो शेवटी म्हणाला. "अन् वरच्या गटाचा संघ कुठी हाये आपल्याकडे? चार दिवस. चार दिवसांनी मी त्याले माह्या हातानं चारतो. तुमच्या पाया पडतो, बस चार दिवस."

शाळेचं स्वयंपाकघर

शाळेतली खिचडी प्रज्वलची आई शिजवते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भाताचा वास आला म्हणून मी नाक पुढं करून गेलो, तर गळ्यात जय भीमचं पदक घातलेली एक किरकोळ बाई तिच्यापेक्षा मोठ्या पातेल्यात तिच्यापेक्षा मोठा डाव फिरवत होती.

"जय भीम, ताई."

"जय भीम. या, बसा. तुमी ते कोल्हापूरचे ना? उलटा पाय सीधा करनारे?"

"तेच मी," मी म्हणालो. नाकारायची वेळ निघून गेली होती.

"मी सुमन, प्रज्वलची आई," म्हणत त्यांनी माझ्यापुढं खिचडीची ताटली ठेवली आणि पुन्हा डाव हाती घेतला. बाहेर पोरं ताटल्या वाजवत होती.

"ताई, प्रज्वलला तुम्ही का नाही देत गुपचूप? तुम्हाला कोण विचारणार?"

"अख्ख्या शाळेच्या लेकरांले वाढते मी. घरी गेली का त्याले विचारते, जेवला का रे? तो म्हन्ते हाव. मले समजत नाही का?" त्यांनी पातेल्याच्या कडेचं खरडलं. "पन शपथ त्यानंच घातली मले. म्हन्ते, आई, तू देऊ नको, तू दिलं तं मी खाईन. आमच्या घराकडे आतापावतो कोनी पाह्यलं होतं, सर? आता सरपंच रस्त्यानं जाता जाता थांबते. म्हन्ते, काय प्रज्वल, कसा हाये? पोट्ट्याची छाती अशी होते. ते मी मोडू? सांगा तुमी. मोडू का?"

मी ताटली उचलली आणि स्वतःच विसळून ठेवली.

नथ्थूशेठचा काटा

रोज संध्याकाळी प्रज्वलचं वजन होई आणि ते पाहायला गाव लोटे. वजन व्हायचं नथ्थूशेठच्या भुसार दुकानात, सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, ज्या काट्यावर चढतात त्याच काट्यावर. एक कट्टा उतरवायचा, प्रज्वलला चढवायचं. वजनाला दोघे सारखेच. बाया अंगणातून, म्हातारे बाकड्यावरून, पोरं कट्ट्यांच्या थप्पीवरून बघत. लाल आकडे लुकलुकत.

"पंचावन्न... अन् थोडं," नथ्थूशेठ जाहीर करी. हा गोल, गुळगुळीत, बोलायला तुपासारखा माणूस. शेतकऱ्यांचं धान्य घ्यायचा, गावच्या संघाला दरवर्षी बनियनी द्यायचा.

"थोडं म्हन्जे किती बे?"

"मूठभर दाने समजा."

गाव सुस्कारा सोडी. सुपडाभाऊ प्रज्वलला दोन स्वेटर घालून पुन्हा मैदानाकडं पळवी. घाम गाळायला.

गर्दी पांगल्यावर मी मजा म्हणून काट्यावर चढलो. कोल्हापुरात माझं वजन एकशे आठ. लपवत नाही, लपणारंही नाही. इथं आकडा लागला एकशे चार! मी खाली उतरलो, चपला काढल्या, पुन्हा चढलो. एकशे चारच. भाकरी, पातोड्या, खिचडी, एवढं सगळं पोटात आणि चार किलो हवेत! मी तिथूनच घरी फोन लावला आणि बायकोला वऱ्हाडच्या हवापाण्यावर एक व्याख्यान दिलं.

"आमच्या गावचं पानीच तसं हाये," नथ्थूशेठ विनयानं म्हणाला.

त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आता भ्यायचं कारण नव्हतं.

मळ्यात

स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका शेतकऱ्यानं संघाला मळ्यात रोडग्यांचं जेवण दिलं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि आत तूप ओततात. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. तो वास बहुधा बुलढाण्यापर्यंत गेला असेल, कारण मोटारसायकली येतच राहिल्या.

प्रज्वलला त्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीच्या काठावर बसवलं होतं. वास त्याच्याकडं जाऊ नये म्हणून. काळजीच होती ती. एक जण तर त्याच्यासाठी मधे चादर धरून उभा होता.

मी ताट तिथंच ठेवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"सर, कोल्हापूरचे पैलवान खरंच दिवसभर खातात का?"

आता मला असा प्रश्न विचारायचा म्हणजे उतारावर गाडा ढकलायचा. मी सुरू झालो. एक पैलवान सकाळी दुधाची घागर तोंडाला लावतो, ती घागर म्हैस कंटाळून बसल्यावरच खाली ठेवतो. दुसऱ्याला एकदा शिऱ्याच्या कढईत झोप लागली, जागा झाला तेव्हा कढई रिकामी होती. तिसऱ्याच्या लग्नात वऱ्हाड जेवायच्या आधी त्याला चुकून वाढलं आणि वऱ्हाड उपाशी परतलं. हशा येतो या गोष्टींना, हमखास येतो. प्रज्वल हसत नव्हता. त्यानं गुडघे पोटाशी धरले होते आणि तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

"शिऱ्यात काजू राह्यतात का?"

"असतात."

"अन् तूप?"

"चिक्कार."

"अजून सांगा ना सर. तो घागरवाला. त्याच्या बाद काय खाते तो?"

ज्या पोरानं सकाळपासून पाणीसुद्धा घोट घोट मोजून प्यायलं होतं त्याला मी गोष्टींतला शिरा वाढत होतो आणि तो ताट पुढं करत होता. मी उठलो. माझं ताट मी कुत्र्याला दिलं. कुणी विचारलं तर सांगितलं, वजन आणखी उतरवतोय.

दुसरबीड

सकाळी पिकअपमध्ये संघ आणि गाव एकावर एक रचून आम्ही निघालो. सुमनताई मागच्या फळीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर कापडात बांधलेला डबा. त्यांच्या शेजारी प्रज्वल, ओठ पांढरे पडलेले. आदल्या संध्याकाळपासून त्याला पाणीही नव्हतं. मी सुपडाभाऊला वाटेत तीनदा म्हणालो, पाणी द्या. तो तीनदा म्हणाला, "वजन झालं का देतो." त्याचेही ओठ पांढरेच होते. तोही प्यायला नव्हता.

मैदानावर मंडप, लाऊडस्पीकर, नवाकोरा काटा. पंचांपुढं रांग लागली. प्रज्वल चड्डीवर काट्यावर चढला. हाडं अशी वर आली होती की छातीवर हार्मोनियम वाजवावी. गाव श्वास धरून उभं.

"सत्तावन्न," पंच म्हणाला. "बाहेर."

मग एकच ओरडा झाला. काटा खराब आहे! बदला! दुसऱ्या गावानं दाबलाय! सुपडाभाऊनं काट्याभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, पंचाच्या तोंडाकडं पाहिलं. "काल पंचावन्न होता साहेब. मी पाह्यलं. अख्ख्या गावानं पाह्यलं!"

"सरका," मी म्हणालो. "हा काटा खोटा आहे हे मी सिद्ध करतो. माझं वजन एकशे चार आहे."

मी चढलो. गावानं मान लांब केली. एकशे आठ.

माझे गेलेले चार किलो दुसरबीडमध्ये माझी वाट बघत बसले होते.

मी काट्यावरच उभा राहिलो. डोक्यात काहीतरी हळूहळू फिरत होतं, पण माझ्या आधी ते मागच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यात फिरून झालं होतं. धोतर सावरत तो पुढं आला.

"याहीचं वजन तिकडे कमी भरलं," तो माझ्याकडं बोट करून सावकाश म्हणाला. "पोट्ट्याचंबी कमी भरलं. मंग आपलं सोयाबीन?"

असा गलका मी कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातही ऐकला नाही. सोयाबीन, तूर, हरभरा, मागच्या साली, त्याच्या मागच्या साली! ज्याला त्याला आपापले कट्टे आठवायला लागले. एक जण मटकन खाली बसला. दोघे पिकअपकडं पळाले, चल, आत्ताच्या आत्ता चल, नथ्थूले पाहू. लाऊडस्पीकरवरचा माणूस शांतता राखा, शांतता राखा म्हणता म्हणता स्वतःच विचारायला लागला की नथ्थू कोण.

या सगळ्यात पंच सुपडाभाऊला म्हणाला, "एक तास आहे. उतरवत असाल तर उतरवा."

सुपडाभाऊनं पिशवीतून दोन स्वेटर काढले.

"प्रज्वल. चल बेटा. एक तास. पळू आपन दोघं."

मी मधे पडणार होतो. माझ्या तोंडात मोठमोठी वाक्यं तयार होती. पण पोरानं मान डोलावली आणि स्वेटर घेतला. त्यात डोकं घातलं. मग हात बाहीत घालायला गेला, तर हाताला बाही सापडेना. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. लोकरीच्या आत त्याचं डोकं अडकलेलं, बाहेर फक्त एक चाचपडणारा हात, आणि आतून आवाज येत होता, "येतो कोच, येतो, एक मिनिट."

सुमनताई पुढं निघाल्या होत्या. त्यांच्या आधी सुपडाभाऊ पोचला. त्यानं स्वेटर वर ओढून काढला. पोराचे केस उभे राहिले होते, ते त्यानं हातानं बसवले.

"राहू दे," तो म्हणाला.

"होते कोच. दोन तं किलो हाये."

"राहू दे म्हन्तो ना बे!" त्यानं स्वेटर पिशवीत कोंबला. तो पंचाकडं वळला. "नाव काढा याचं. खेळत नाही."

सुमनताईंनी पोराला मंडपाच्या सावलीत बसवलं. आधी पाणी, घोट घोट. मी तेवढं सांगितलं, आणि या प्रवासात माझा खरा उपयोग तेवढाच झाला. मग त्यांनी डबा सोडला. भाकरी, वांग्याची भाजी, भुईमुगाची चटणी. पोरगं खायला लागलं. खाताना रडत होतं, रडताना खात होतं. आम्ही दुसरीकडं बघितलं.

सुपडाभाऊ थोडा दूर, पाठ करून उभा.

"तुमी काय मुहूर्त पाहून राह्यले?" सुमनताई म्हणाल्या. "बसा. तुमच्यासाठीबी आनल्या भाकरी."

तो आला. बसला. बराच वेळ त्यानं भाकरीला हात लावला नाही. मग प्रज्वलनं आपल्या ताटातला कांदा त्याच्या ताटात टाकला.

सामना आम्ही हरलो. किती गुणांनी ते विचारू नका, पाटीवर आकडे मावले नाहीत. संघाला ओरडून बळ द्यायला गावातलं कुणी उरलंही नव्हतं. सगळे नथ्थूशेठला भेटायला गेले होते. नथ्थूशेठ त्याच दुपारी मेहुण्याच्या गावी गेला, असं ऐकलं. पळताना त्याचं वजन किती होतं हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही.

मी कोल्हापूरला परतलो. आता जिथं जाईन तिथं ही गोष्ट सांगतो आणि दर वेळी पंचाच्या काट्यावरचे माझे किलो थोडे वाढतात. सुपडाभाऊनं मधे फोन करून कळवलं की साठ किलोंच्या गटाचा संघ उभा राहतोय, पाराच्या बैठकीत ठराव रद्द झालाय, आणि आता बायांची दारं उघडी असतात. पोरगं गल्लीच्या या टोकाला निघालं की त्या टोकाला पोचायला त्याला दुपार होते.

हंगाम संपल्यावर मला राहवेना. मी सुमनताईंना फोन लावला. खूप काही विचारायचं होतं, आणि मी विचारलंही. गुडघ्याची गाठ बसली का, डोळ्यांपुढं अंधार येतो का, झोप लागते का, गावातली माणसं अजून नावानं हाक मारतात का, ढाल गेल्याचं त्याला दुःख आहे का, आणि एकूण या सगळ्या प्रकाराकडं, ताई, आता मागं वळून बघताना आई म्हणून तुम्हाला काय वाटतं?

पलीकडं डाव पातेल्यावर वाजला.

"समद्या प्यांटी आखूड झाल्या त्याच्या," त्या म्हणाल्या.